तेवीस पानांचं संमतीपत्र

१० जून २०१७, शनिवार. दक्षिण चीनमधलं शेनझेन शहर. तिथल्या सदर्न युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी या नव्या विद्यापीठात दोन जोडपी आली होती. दोन्ही नवऱ्यांना एचआयव्हीची लागण झालेली, बायका निरोगी. त्यांना मूल हवं होतं. तिशी नुकतीच ओलांडलेला एक प्राध्यापक त्यांना काहीतरी समजावून सांगत होता आणि कॅमेरा चालू होता. अशा बैठकीला किती वेळ दिला, असं पुढे त्याला विचारलं गेलं तेव्हा तो म्हणाला, एक तास दहा मिनिटं.

तासाभरात समजून घ्यायचं होतं ते असं: तुमच्या होणाऱ्या बाळाच्या पेशीपेशीतलं एक जनुक आम्ही कायमचं मोडणार आहोत. बाळाच्या पोटी जी मुलं येतील त्यांच्यातही ते मोडलेलंच उतरू शकेल.

संमतीपत्र तेवीस पानांचं होतं. प्रकल्पाचं नाव त्यात ‘एड्स लस विकास प्रकल्प’ असं दिलेलं. लस हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. दंडावर सुई टोचतात, थोडा ताप येतो, संपलं. पुढची पानं मात्र घरभाड्याच्या करारनाम्यासारखी आहेत. प्रत्येक जोडप्यामागे २ लाख ८० हजार युआनपर्यंतचा खर्च प्रकल्प सोसेल. पहिल्या खेपेला भ्रूण गर्भाशयात ठेवल्यापासून बाळ अठ्ठावीस दिवसांचं होईपर्यंत आपल्या मर्जीनं कुणी बाहेर पडलं, तर तो सगळा पैसा परत करायचा. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत केला नाही तर वर १ लाख युआन दंड. चाकू भलत्याच जागी चालला, म्हणजे ठरलेलं जनुक सोडून दुसरंच कापलं गेलं, तर जबाबदारी प्रकल्पाची नाही. आणि एक कलम बाळाच्या फोटोबद्दल: जन्माच्या दिवशी काढलेल्या फोटोचे हक्क प्रकल्पाकडे, कॅलेंडरं, जाहिरातफलक, मालाची वेष्टणं, कुठेही ते वापरता येतील.

मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आलो. जनुक, भ्रूण, पिढ्या असलं सगळं चाललेलं असताना कुणीतरी शांतपणे बसून कॅलेंडरचा विचार केला होता.

प्राध्यापकाचं नाव हे जियानकुई. चिनी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी, आणि ते आडनाव ‘हे’. मराठीत त्यानं वाक्यावाक्याला पंचाईत होते, म्हणून आपण त्याला जियानकुईच म्हणू. जन्म १९८४चा, हुनान प्रांतातल्या शेतकरी घरातला. चीनमध्ये भौतिकशास्त्राची पदवी, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात पीएचडी, मग काही काळ स्टॅनफर्ड. परदेशी शिकलेल्या बुद्धिमंतांना चीन सरकार त्या काळात पायघड्या घालून परत बोलवत होतं; त्या लाटेत २०१२ साली तो शेनझेनला आला. प्राध्यापकी केली, डीएनए वाचणाऱ्या यंत्रांची कंपनी काढली. एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती. तो डॉक्टर नव्हता.

पण मुळात ही जोडपी त्याच्याकडे आली कशी? बापाला एचआयव्ही असला तरी मूल निरोगी जन्माला घालण्यासाठी जनुकाला हात लावायची गरज पडत नाही. वीर्य धुऊन शुक्राणू वेगळे करतात आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीनं गर्भधारणा करतात. तंत्र जुनं आणि भरवशाचं. औषधं नीट चालू असतील तर नवऱ्याकडून लागण होण्याचा धोकाही जवळजवळ उरत नाही. असं असताना कुणी आपलं बाळ प्रयोगाला का देईल?

उत्तर चीनच्या नियमावलीत होतं. एचआयव्हीबाधितांना तिथे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घ्यायला बंदी होती. सरळ वाटेवर कुलूप होतं. जियानकुईकडे मागच्या दाराची किल्ली होती, आणि ती तो फुकट देत होता.

हे कुलूप का लागलं ते कळायला वीसपंचवीस वर्षं मागे, हनान प्रांतात जावं लागतं. (प्राध्यापकाचा हुनान वेगळा, हा हनान वेगळा.) १९९०च्या दशकात तिथल्या गरीब शेतकऱ्यांकडून रक्तद्रव विकत घेण्याचा धंदा जोरात चालला. अनेकांचं रक्त एकत्र करायचं, यंत्रात फिरवून द्रव काढून घ्यायचा, आणि उरलेल्या तांबड्या पेशी परत ज्याच्या त्याच्या, खरं म्हणजे कुणाच्याही, शिरेत सोडायच्या. पेशी परत मिळाल्यामुळे माणूस लवकर ताजातवाना होई आणि लवकर पुन्हा विकायला येई. एकाचा विषाणू सगळ्यांत गेला. गावंच्या गावं आजारी पडली आणि त्यांना ‘एड्सची गावं’ हे नाव चिकटलं. झेंगझौच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. गाओ याओजिए यांच्यासमोर १९९६ साली अशी पहिली रुग्ण आली. वय सत्तरीकडे झुकलेलं, पाय लहानपणी बांधलेले, तरी त्या गावोगाव फिरल्या, पदरच्या पैशानं माहितीपत्रकं छापून वाटली, अनाथ पोरांची सोय लावली. २००३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारनं त्यांच्या दारावर पहारा बसवला. २००९मध्ये त्या अमेरिकेला निघून गेल्या.

या रोगाची भीती चीनमध्ये विषाणूपेक्षा वेगानं पसरली. जियानकुईला ते ठाऊक होतं. आपण अशा एका गावात गेलो होतो, तीस टक्के लोक बाधित होते, लागणीच्या धास्तीनं आईबाप पोटची पोरं नातेवाइकांकडे वाढवायला देत होते, असं तो पुढे म्हणाला. खोटं नसावं ते. मात्र त्या गावातून निघताना त्यानं जे औषध मनात योजलं ते भलत्याच दुखण्यावरचं होतं. पोरं दूर धाडली जात होती ती भीतीपोटी. तो उपाय शोधत होता जनुकात.

जनुकाचं नाव सीसीआर५. आपल्या पांढऱ्या पेशींवर या जनुकामुळे जणू एक कडी तयार होते आणि एचआयव्हीच्या बहुतेक जाती ती कडी धरून आत शिरतात. उत्तर युरोपातल्या काही लोकांत या जनुकातली बत्तीस अक्षरं पिढीजात गळलेली असतात. आईकडून आणि बापाकडून दोन्ही प्रती अशा आल्या, तर कडीच बनत नाही आणि विषाणू दाराबाहेर राहतो. बर्लिनमध्ये रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या टिमोथी ब्राउन या अमेरिकन माणसाला २००७ साली अशाच एका दात्याची अस्थिमज्जा दिली गेली आणि त्याच्या शरीरातून एचआयव्ही नाहीसा झाला. हा चमत्कार जगानं पाहिला होता. मग ती बत्तीस अक्षरं भ्रूणातच गाळली तर?

गाळायचं हत्यारही एव्हाना हाताशी आलं होतं. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी क्रिस्पर-कॅस९ ही पद्धत मांडली. जिवाणू विषाणूंशी लढताना वापरतात ती युक्ती त्यांनी हवी तिथे डीएनए कापण्यासाठी वळवून घेतली. पुढे २०२०चं नोबेल याच कामाला मिळालं. एक खोच मात्र समजून घ्यायला हवी. ही पद्धत कापते बहुधा अचूक; शिवते ती पेशी, स्वतःच्या पद्धतीनं. फाटलेल्या धोतराला घाईत टाके घालावेत तसे टाके पडतात. कुठे चार अक्षरं गळतात, कुठे एखादं जास्तीचं घुसतं. कापणाऱ्याच्या मनात काय होतं याची पेशीला फिकीर नसते.

डाउडनांना या शोधाचा आनंद झाला तशी झोपही उडाली. एका स्वप्नात डुकराचं तोंड असलेला हिटलर वही-पेन घेऊन समोर बसला होता आणि हे तंत्र समजावून सांगा म्हणत होता, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. जानेवारी २०१५मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या नापा इथे काही जाणत्यांना जमवलं. त्यात पॉल बर्ग आणि डेव्हिड बाल्टिमोर होते. १९७५च्या असिलोमार परिषदेत जनुक-अभियांत्रिकीला वेसण घालायचं ठरलं तेव्हाचे हे बुजुर्ग. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्वांगझौच्या जुनजिऊ हुआंग यांचा शोधनिबंध आला: कधीच जगू शकणार नाहीत अशा ८६ सदोष मानवी भ्रूणांत थॅलेसेमियाचं जनुक दुरुस्त करण्याचा प्रयत्न. दुरुस्ती मोजक्यांत जमली, भलतीकडचे कापही बरेच झाले. अजून हे तंत्र पिकलेलं नाही, असं हुआंग यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. डिसेंबरात वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सुरक्षिततेची खात्री आणि समाजाची व्यापक सहमती, या दोन गोष्टी होईपर्यंत असं मूल जन्माला घालणं बेजबाबदारपणाचं ठरेल, असं तिथे ठरलं. सव्वा वर्षानं अमेरिकेच्या विज्ञान अकादमींचा अहवाल आला. त्यानं दार किंचित किलकिलं केलं: गंभीर आजार, दुसरा इलाज नाही, कडक देखरेख, अशा अटींवर कधीतरी परवानगीचा विचार होऊ शकेल. जियानकुईनं किलकिलं दार तेवढं पाहिलं. अटींची पाटी वाचायची राहिली.

‘व्यापक सहमती’ हे शब्द परिषदांमध्ये फार गोड वाटतात. सहमती घ्यायची कुणाची, कोणत्या भाषेत, कुठल्या चावडीवर, हे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी ती एका खोलीत दोन जोडप्यांची घेतली गेली.

आठ जोडपी तयार झाली. एक पुढे गळालं. बाधितांना मदत करणाऱ्या बीजिंगच्या एका संस्थेमार्फत ती मिळाली होती. एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीचं मंजुरीपत्र बनावट होतं, असा निर्वाळा पुढे न्यायालयानं दिला. त्याच निकालात एक बारीकशी नोंद आहे. एचआयव्हीबाधितांना बंदी असल्यामुळे रक्ततपासणीला नवऱ्यांच्या जागी दुसऱ्याच माणसांना उभं केलं गेलं. म्हणजे आपल्या बाळाची सुरुवात ज्या दवाखान्यात व्हायची, तिथे बापाच्या नावाच्या कुपीत परक्याचं रक्त भरलं गेलं. सगळ्या प्रकरणात मला हा क्षण सर्वांत केविलवाणा वाटतो.

बावीस भ्रूणांपैकी सोळांत बदल घडला. सहा प्रयत्नांत अकरा भ्रूण वापरल्यावर जुळ्यांचा गर्भ राहिला. कागदोपत्री मुलींची नावं ठेवली लुलू आणि नाना. ती टोपणनावं आहेत. खरी नावं जगाला ठाऊक नाहीत आणि न कळलेलीच बरी. त्यांच्यात झालं काय? बत्तीस अक्षरांचा तो ओळखीचा बदल दोघींतही झाला नाही. नानाच्या एका प्रतीत चार अक्षरं गळाली, दुसरीत एक वाढलं. लुलूच्या एका प्रतीत पंधरा अक्षरं गळाली आणि दुसरी प्रत तशीच धडधाकट राहिली. म्हणजे लुलूला एचआयव्हीपासून संरक्षण मिळण्याचा प्रश्न कागदावरही नव्हता. भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधीच हे दिसत होतं. तरी ठेवला. आईबापांना सांगितलं होतं, त्यांनाच तो हवा होता, असं जियानकुईचं म्हणणं. असेलही. मुलासाठी वर्षानुवर्षं दारं ठोठावलेलं जोडपं दोन भ्रूणांपैकी एक टाकून द्या म्हणेल, असं कुणाला वाटतं?

आता माहीत असणाऱ्यांबद्दल. हे सगळं चाललं असताना अमेरिकेतल्या निदान अर्धा डझन नामवंतांना त्याचा कमीअधिक सुगावा होता. कुणाला त्यानं प्रत्यक्ष भेटून बेत सांगितला, कुणाला गर्भ राहिल्याची आनंदवार्ता ईमेलनं कळवली. काहींनी करू नको म्हणून तोंडावर बजावलं. एका नोबेलविजेत्यानं तुझ्यासाठी आनंद आहे पण मला यातलं काही कळवू नकोस, अशा अर्थाचं उत्तर दिलं. कुणीही चारचौघांत तोंड उघडलं नाही. यातल्या कुणी कायदा मोडला असं नाही. चौकश्या झाल्या, आणि स्टॅनफर्डनं आपल्या माणसांना निर्दोष ठरवलं. पण आपल्याकडे शेजारच्या घरातली मारहाण ‘त्यांचा खासगी मामला’ म्हणून ऐकत बसणारी वाडी असते, तिची मला आठवण झाली.

२२ नोव्हेंबर २०१८. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुटी. डाउडनांच्या ईमेलमध्ये जियानकुईचं एक पत्र येऊन पडलं. विषय दोनच शब्दांचा: बाळं जन्मली. आठवडाभरात हाँगकाँगला याच विषयावरची दुसरी जागतिक परिषद भरायची होती आणि जियानकुई तिथे वक्ता होता. जगाला सांगायची त्याची तयारी झालेली होती. अमेरिकन जनसंपर्क सल्लागार, असोसिएटेड प्रेसशी बोलणी, यूट्यूबसाठी पाच चित्रफिती. नैतिक तत्त्वांवरचा एक लेखही त्यानं एका नियतकालिकाला दिला होता; त्यात अशा उपचारांसाठीची पाच सूत्रं होती. तो नेमका त्याच आठवड्यात प्रसिद्ध झाला आणि काही महिन्यांनी मागे घेतला गेला. पण बेत फिसकटला. २५ नोव्हेंबरला एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूच्या अँटोनिओ रेगालाडो यांना चीनच्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत हा प्रकल्प सापडला आणि बातमी फुटली. नोंद जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वीची, ८ नोव्हेंबरची होती. पीपल्स डेलीच्या संकेतस्थळानं आधी पाठ थोपटली आणि मग तो मजकूर गुपचूप काढून टाकला. दुसऱ्या दिवशी १२२ चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रक काढून हा वेडेपणा आहे म्हटलं.

२८ नोव्हेंबर, हाँगकाँग विद्यापीठाचं सभागृह. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन लव्हेल-बॅज यांनी वक्त्याचं नाव पुकारलं. कुणीच आलं नाही. काही क्षण सभागृह रिकाम्या व्यासपीठाकडे पाहत राहिलं. मग बाजूच्या दारातून हातात बॅग घेतलेला, उघड्या कॉलरचा तरुण लांबून चालत आला आणि कॅमेऱ्यांचा एवढा खडखडाट झाला की बोलणं ऐकू येईना. त्यानं सुरुवातीलाच दिलगिरी व्यक्त केली. कशाबद्दल? निष्कर्ष अवचित फुटल्याबद्दल. मग उंदीर, माकडं, भ्रूण असं करत तो लुलू-नानापर्यंत आला. हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ यांनी साधा प्रश्न केला: बापाचे शुक्राणू धुतल्यावर बाळाला लागणीचा धोका नव्हताच, मग या रुग्णांची न भागलेली गरज कोणती? त्यावर त्यानं पुन्हा एड्सच्या गावाची गोष्ट सांगितली. आपल्याला या कामाचा अभिमान वाटतो म्हणाला. आणखी एका बाईला दिवस गेलेत, हेही बोलता बोलता सांगून टाकलं. बाल्टिमोर उठले. ऐंशी वर्षांचे, असिलोमार पाहिलेले. शास्त्रज्ञांच्या जगाची स्वतःला आवरण्याची व्यवस्था इथे फसली, अशी कबुली त्यांनी दिली.

लिऊ यांच्या प्रश्नाला खरं उत्तर होतं. गरज होती ती एका शासकीय नियमामुळे तयार झालेली. ते उत्तर त्या व्यासपीठावर कुणी दिलं नाही, कारण तो जीवशास्त्राचा विषय नव्हता.

मराठी वाचकाला हे सगळं दूरदेशीचं वाटू नये. गर्भजल तपासणी आपल्याकडे आली ती गर्भातले आनुवंशिक दोष हुडकायला. १९८०च्या दशकातल्या मुंबईत ती कशासाठी वापरली गेली, हे कुणाला सांगायला नको. आज थोडे पैसे टाका, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागायच्या. स्त्री संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले तेव्हा १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा आला १९९४ला. २००३च्या दुरुस्तीनं गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात घेतली. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ला ८९४वर आल्या. ‘दोष’ कशाला म्हणायचं ते तपासणी करणारं यंत्र ठरवत नव्हतं. ते माजघरात ठरत होतं. त्याही वेळी बाईची सही असायचीच कागदावर. ती कुणाच्या नजरेखाली केलेली असायची, तो रकाना फॉर्मवर नव्हता.

‘दोषां’ची यादी वाढत जाते ती अशीच. २०१९मध्ये मॉस्कोच्या डेनिस रेब्रिकोव्ह यांनी बहिरेपणाचं जनुक भ्रूणात दुरुस्त करायचा मनोदय जाहीर केला. आपल्या खुणांच्या भाषेत हसणारी, भांडणारी, प्रेमात पडणारी अनेक कर्णबधिर माणसं बहिरेपणाला रोग मानायलाच तयार नसतात, हे कुणी त्यांच्या कानावर घातलं असेल तर ठाऊक नाही.

३० डिसेंबर २०१९ रोजी शेनझेनच्या नानशान जिल्हा न्यायालयानं जियानकुईला तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड ठोठावला. दोन साथीदारांनाही शिक्षा झाल्या. गुन्हा कोणता? परवान्याशिवाय वैद्यकी करणं. हाताशी असलेल्या कायद्यात एवढंच कलम बसत होतं, भोंदू वैदूलाही लागतं ते. नेमकं कलम २०२१मध्ये फौजदारी कायद्यात घातलं गेलं, सात वर्षांपर्यंतच्या कैदेचं. तोवर तिसरी मुलगीही जन्मली होती. २०२२च्या वसंतात तो सुटला आणि बीजिंगमध्ये पुन्हा प्रयोगशाळा थाटायच्या मागे लागला.

क्रिस्परची रीतसर वाट याच काळात तयार होत होती. सिकलसेलच्या रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी बाहेर काढून, बदलून परत शरीरात सोडायच्या. बदल त्याच्यापुरता, पोरांत उतरत नाही. सिकलसेल म्हणजे काय ते नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांवर वेगळं सांगावं लागत नाही. हा उपचार अमेरिकेत मंजूर झाला ८ डिसेंबर २०२३ला, आणि किंमत लागली २२ लाख डॉलर. दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये गाओ याओजिए वारल्या. वय ९५. लुलू आणि नानाच्या बातमीवर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा मी बऱ्याचदा विचार केला आहे. पहिला प्रश्न बहुधा त्यांनी आईबापांच्या औषधांबद्दल विचारला असता.

मुलींवर अठरा वर्षांपर्यंत वैद्यकीय लक्ष ठेवायचं, मग त्या सज्ञान झाल्या की पुढची परवानगी त्यांच्याकडे मागायची, असं जियानकुईनं तेव्हा सांगितलं होतं. जन्म २०१८चा. म्हणजे २०३६ साली कुणीतरी एक कागद घेऊन त्यांच्या दारी जाईल. त्यावर पहिल्यांदाच त्यांची स्वतःची सही लागेल, आणि त्या नाहीही म्हणू शकतील.